गुरुद्रोह कोणता?

गुरू एकच असावा, असे आपल्या सुशिक्षित घरांतून मोठ्या गांभीर्याने सांगण्यात येते; आणि ज्या घरात हे सर्वांत निक्षून सांगितले जाते, त्या घराच्या भिंतीवर पुष्कळदा दत्तात्रेयाची तसबीर असते, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. भागवताच्या एकादश स्कंधात जो अवधूत यदुराजास आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो, तो दत्तात्रेयच, अशी आपली परंपरागत समजूत. आणि त्याच स्कंधावर नाथांनी मराठीत एवढी विस्तृत टीका लिहून ठेविली. पृथ्वी, वायू, आकाश यांच्यापासून अजगर, मधमाशी आणि हातात कांकणे घातलेली एक कुमारी येथपर्यंत ज्याने गुरू केले, त्याला आपण रोज फूल वाहतो. आणि घरातील मुलीने संगीताचा एक शिक्षक सोडून दुसरा धरावा म्हटले, की तिच्यावर गुरुद्रोहाचा आरोप ठेवितो! अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी एकानेही शिकवणीची फी घेतली नव्हती, तेव्हा त्यांची गोष्ट वेगळी, असे कोणी म्हणेल तर आम्ही ते मान्य करू. पण मग हा वाद अध्यात्माचा नसून व्यवहाराचा आहे, एवढे त्यानेही मान्य करावे.

हा विषय काढण्यास कारण घरगुती घडले. आम्ही जव्हार तालुक्यातील साखरशेत येथे राहतो. पियानोवरून तंटा व्हावा असे हे गाव नव्हे. परंतु दादरला राहणाऱ्या आमच्या भाचीचा परवा रात्री दूरध्वनी आला, आणि त्या घरात पियानोवरून चार तट पडल्याचे कळले. भाचीची मुलगी तेरा वर्षांची. गेली सहा वर्षे ती एकाच बाईंकडे पियानो शिकते. बाई वृद्ध आहेत, मायाळू आहेत. मुलगी तापाने आजारी पडली तेव्हा स्वतः घरी येऊन गेल्या. मुलगी परीक्षांत दरवर्षी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होते. परंतु दोन वर्षांपासून तिचे उजवे मनगट दुखते, आणि परीक्षेच्या तीन रचनांखेरीज दुसरा कोणताही कागद समोर ठेवला तर तिला दोन ओळी वाजविता येत नाहीत. वाद्यातील एका जाणकाराने तिचा हात पाहून सांगितले, की आता शिक्षक बदला. नाहीतर हातही जाईल आणि आवडही जाईल.

यावर मुलीचे आजोबा म्हणाले, हा गुरुद्रोह होय. मुलीचे वडील म्हणाले, यात द्रोह कसला? पुढल्या महिन्यापासून नव्या सरांकडे जाऊ लागावे, आणि ‘शाळेचा अभ्यास वाढला’ असा दोन ओळींचा निरोप मोबाइलवरून बाईंना धाडावा, म्हणजे झाले. मुलीची आई निर्णय न करिता येऊन रडली. आणि मुलगी म्हणाली, ‘मग मी पियानोच सोडते.’ या चार मतांत मुलीचे मत आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटले, आणि सर्वांत दुःखाचेही. वडील माणसांच्या खोट्या प्रतिष्ठेपायी आणि खोट्या सोयीपायी एका मुलीच्या आयुष्यातून संगीत जावे, यासारखी हानी नाही. आणि ती हानी आपल्या घरोघर चालू आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : आजोबांचेही चुकले आणि वडिलांचेही चुकले. शिक्षक बदलणे हा द्रोह नव्हे. तो चोरून बदलणे, हा द्रोह होय.

प्रथम आजोबांचा पक्ष घेऊ. हे आजोबा जुन्या गायकीचे रसिक आहेत. त्यांच्यापाशी ध्वनिमुद्रिकांचा मोठा संग्रह आहे, आणि केसरबाई केरकर व मल्लिकार्जुन मन्सूर ही त्यांची दैवते होत. आता या दैवतांची चरित्रे काय सांगतात? केसरबाई (१८९२–१९७७) लहानपणी कोल्हापुरास काही महिने अब्दुल करीमखाँसाहेबांकडे शिकल्या. गोव्यास परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिकल्या. मुंबईत बरकतुल्लाखाँ, भास्करबुवा बखले यांच्याकडे शिकल्या. आणि १९२१ साली अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. म्हणजे ज्या गुरूच्या नावाने त्या ओळखल्या जातात, तो त्यांचा पहिला गुरू नव्हे, दुसरा नव्हे, तिसराही नव्हे. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) प्रथम मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकले, मग मंजीखाँसाहेबांकडे गेले, आणि १९३७ साली मंजीखाँ निवर्तल्यावर त्यांचे बंधू भुर्जीखाँ यांच्याकडे. नीलकंठबुवांपाशीच ते जन्मभर राहिले असते, तर आजोबांच्या संग्रहातील अर्ध्या तबकड्या निघाल्याच नसत्या.

ही दोनच उदाहरणे अपवाद म्हणून सोडून द्यावीत, तर इतरांचे काय करावे? भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) बडोद्यास फैज महंमदखाँ यांच्याकडे, नंतर आग्रा घराण्याच्या नत्थनखाँ यांच्याकडे, आणि त्यानंतर अल्लादियाखाँ यांच्याकडे शिकले. तीन घराण्यांच्या तीन गुरूंची विद्या एका गळ्यात नांदली, आणि त्या गळ्याचे कौतुक महाराष्ट्राने केले. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) यांचे पहिले गुरू तर त्यांचे जन्मदाते वडील, अंतुबुवा. तरीही ते विलायत हुसेनखाँ यांच्याकडे आग्र्याची, आणि भुर्जीखाँ यांच्याकडे जयपूरची गायकी शिकावयास गेले. बाप आणि गुरू ही दोन्ही नाती ज्या ठिकाणी एकवटली होती, तेथूनही दुसऱ्या दारी जाण्यास त्यांना संकोच वाटला नाही. आणि त्यामुळे त्यांच्या पितृभक्तीस उणेपणा आला, असे आम्ही तरी कोणाच्या तोंडून ऐकिले नाही.

याहून मागे जाऊ. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) प्रथम धारच्या देवजीबुवांकडे होते. ते घर सुटले, आणि पुढे ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून त्यांना ख्यालाची विद्या मिळाली. तीच विद्या घेऊन ते दक्षिणेत आले. मिरजेस विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे शिकले. आणि त्याच विष्णू दिगंबरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. आज मध्यमवर्गाच्या घराघरांतून मुलेमुली प्रवेशिका आणि मध्यमा परीक्षांस बसतात, त्याच्या मुळाशी एका तरुणाने बदललेला गुरू आहे. गुरू बदलणे हे पाप असेल, तर महाराष्ट्राचे सारे संगीत त्या पापाचेच फळ आहे, असे म्हणावे लागेल.

मग ‘एकच गुरू’ हा दंडक आला कोठून? तो अगदीच निराधार होता, असे आम्ही म्हणत नाही. ज्या काळी चिजा छापलेल्या नव्हत्या, स्वरलिपी रूढ नव्हती, आणि राजदरबार किंवा धनिकाची बैठक याखेरीज गवयास पोट भरण्याचे साधन नव्हते, त्या काळी एखादी दुर्मीळ बंदिश ही घराण्याची मालमत्ता असे. ती मुलाला द्यावयाची, भाच्याला द्यावयाची, फार तर गंडा बांधलेल्या शिष्याला द्यावयाची. आणि तो शिष्य उद्या प्रतिस्पर्ध्याच्या घरी जाऊन बसला, तर ती मालमत्ता त्याच्याबरोबर गेली. चणे आणि गूळ खाऊन जो धागा मनगटास बांधला जाई, त्यात भक्ती होती हे खरे. पण त्यात करारही होता. गुरूने शिष्याला घरात ठेवावे, जेवू घालावे, वर्षानुवर्षे शिकवावे. आणि शिष्याने गुरूची विद्या बाहेर नेऊ नये. दोन्ही बाजूंनी काही देणे होते, म्हणून तो करार टिकला.

तो करार मोडला कोणी? शिष्यांनी नव्हे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी शेकडो चिजा गोळा करून स्वरलिपीसह क्रमिक पुस्तकांतून छापिल्या, आणि चार भिंतींआडची मालमत्ता चार आण्यांच्या माणसालाही खुली झाली. विष्णू दिगंबरांनी विद्यालये काढिली, आणि संगीताचे वर्ग भरू लागले. वर्ग आला म्हणजे इयत्ता आली. इयत्ता आली म्हणजे दरवर्षी नवा शिक्षक आला. इयत्ता चौथीतून पाचवीत जाणाऱ्या मुलास गुरुद्रोही कोण म्हणतो? आज शिक्षक आठवड्यातून दोनदा पाऊण तास शिकवितो, महिन्याची फी घेतो, आणि सुटीचे दिवस वगळतो. यात गैर काहीच नाही, त्यालाही संसार आहे. परंतु करारातील स्वतःचे कलम काळाबरोबर बदलावयाचे, आणि शिष्याचे कलम मात्र जुन्या काळातीलच ठेवावयाचे, हा न्याय नव्हे.

विद्येवर कोणाची मालकी नसते तेव्हा ती कशी पसरते, हे आम्ही साखरशेतास राहून पाहतो. या बाजूस भात हाती येऊ लागले म्हणजे रात्री तारपा वाजू लागतो. दुध्या भोपळा, वेळूच्या नळ्या, मेण आणि ताडाची पाने यांचे हे वाद्य. श्वास न तोडता तासन्‌तास वाजवावयाचे, आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी फिरत राहावयाची. पोरे वाजविणाऱ्याच्या जवळ घोटाळतात, त्याच्या फुगलेल्या गालांकडे टक लावून पाहतात, आणि दुसऱ्या पाड्यावर दुसरा वाजवीत असेल तर तेथेही जातात. तू कोणाचा शिष्य, असे त्यांना विचारलेले आम्ही अद्याप ऐकिले नाही. जुन्या वाजविणाऱ्याचा मान मात्र तेथे कमी नसतो. तो आला म्हणजे त्याला जागा करून देतात.

आता पियानोकडे वळू. या वाद्यात शिक्षक बदलण्याची आवश्यकता कंठसंगीताहून अधिक येते, आणि त्याचे कारण शारीरिक आहे. पेटीवर आवाजाचे लहानमोठेपण बऱ्याच अंशी भात्यावर अवलंबून असते. पियानोत पट्टी दाबली की आत नमद्याची हातोडी तारेवर आपटते. ती ज्या वेगाने आपटेल तेवढा नाद. तो वेग खांदा, दंड, कोपर, मनगट असा उतरत येऊन बोटाच्या टोकाशी पोहोचतो. मनगट ताठ राहिले की तो ओघ तेथेच अडतो, आणि सारे काम बोटांच्या स्नायूंवर पडते. सात वर्षांच्या मुलीच्या सोप्या धड्यांत हा दोष दिसत नाही. तेराव्या वर्षी रचना अवघड झाल्या की दुखण्याच्या रूपाने प्रकट होतो. त्यातच पुष्कळ घरांतून खरा पियानो नसतो. हलक्या पट्ट्यांच्या विजेच्या वाद्यावर मुले सराव करितात, आणि शिक्षकाच्या घरच्या जड पट्ट्यांवर बळ लावून वाजवितात. मुळाक्षरे उत्तम शिकविणारा शिक्षक हा दोष काढण्यास समर्थ असेलच, असे नाही. मुलीच्या या बाई आरंभ करून देण्यास अत्यंत योग्य होत्या. पुढील वाट दाखविणारा दुसरा असू शकतो. यात बाईंचा अपमान कोठे आहे? बिगरीच्या मास्तरांनी मॅट्रिकचे गणित शिकविले नाही, म्हणून त्यांची योग्यता कमी झाली काय?

आणि परीक्षांविषयीही एकदा बोललेच पाहिजे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आणि तेथीलच असोसिएटेड बोर्डाच्या आठ श्रेणींच्या परीक्षा आपल्या शहरांतून फार वर्षे चालत आल्या आहेत, आणि त्यांनी शिक्षणास शिस्त लाविली, हे नाकारता येणार नाही. पण श्रेणी ही पायरी आहे, ते देवघर नव्हे. वर्षभर तीन रचना घोटून घ्यावयाच्या, प्रमाणपत्र चौकटीत लावावयाचे, आणि पुढल्या वर्षी पुन्हा नव्या तीन रचना, असा क्रम चालला म्हणजे मुलगी सहा वर्षांत अठरा रचना शिकते, पियानो शिकत नाही. नवा कागद पाहून वाजविता येणे हे वाचता येण्यासारखे आहे. अठरा कविता पाठ असलेल्या पण वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या मुलीस आपण साक्षर म्हणू काय? या दोषास शिक्षकच जबाबदार असतात असे नाही. गुणपत्रिका पाहून फी देणारे पालक हे त्यांचे अर्धे भागीदार होत.

येथे वडिलांच्या पक्षाचा समाचार घेणे प्राप्त आहे. आजोबांची चूक जुनी आहे, पण तिच्यात निदान आदर होता. वडिलांची चूक नवी आहे, आणि तिच्यात आदराचा लेशही नाही. दूध पातळ आले म्हणून गवळी बदलावा, त्याप्रमाणे शिक्षक बदलावा, असे मानणारा एक वर्ग आता तयार झाला आहे. शेजारच्या मुलास चार गुण अधिक मिळाले, बदला शिक्षक. अमक्याकडे चित्रपटातील गाणी लवकर शिकवितात, बदला शिक्षक. दोन वर्षांत तीन दारे फिरलेल्या मुलाच्या हाती काहीच लागत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या, ही म्हण अशांसाठीच आहे. वर ज्या थोरांची नावे आम्ही घेतली, त्यांची साक्ष या मंडळींनी काढू नये. केसरबाई अल्लादियाखाँसाहेबांपर्यंत पोहोचल्या, आणि मग तेथे वर्षानुवर्षे राहिल्या. त्यांचे फिरणे हे राहण्यासाठी होते. ज्यांना कोठेच राहावयाचे नाही, त्यांचे फिरणे म्हणजे केवळ भटकणे.

शिवाय चोरून बदलण्याने काय होते, याचे पियानोच्याच इतिहासात एक ठळक उदाहरण आहे. तरुण बीथोव्हेन १७९२ च्या नोव्हेंबरात व्हिएन्नास आला तो हायडनकडे शिकण्यासाठी. हायडन आपले लेख नीट तपासत नाही, असे त्यास वाटू लागले. योहान शेंक नावाच्या संगीतकाराने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेविले आहे, की तो बीथोव्हेनचे पाठ गुप्तपणे तपासून देई, आणि परक्याचे हस्ताक्षर हायडनच्या दृष्टीस पडू नये म्हणून बीथोव्हेन ते पुन्हा आपल्या हाताने उतरून काढी. १७९४ साली हायडन लंडनला गेला, तेव्हा बीथोव्हेन उघडपणे आल्ब्रेख्ट्सबर्गरकडे जाऊ लागला. पुढे १७९६ साली पियानोचे तीन सोनाटे त्याने हायडनला अर्पण केले. पण त्यावर ‘हायडनचा शिष्य’ असे लिहिण्यास तो तयार झाला नाही, असे त्याच्या रीस नावाच्या शिष्याने नोंदविले आहे. दुसऱ्याकडे जाण्यात बीथोव्हेनने काही वावगे केले, असे आम्हांस वाटत नाही. पण त्या लपवालपवीने जी अढी पडली, ती अर्पणपत्रिकेनेही पूर्ण निघाली नाही.

याच्या उलट शोपँचे वर्तन पाहावे. १८३१ साली तो पॅरिसला आला, तेव्हा कॅल्कब्रेनर हा त्या शहरातील मोठा पियानोवादक होता. त्याने या एकवीस वर्षांच्या तरुणास तीन वर्षे आपल्याकडे शिकण्यास सुचविले. शोपँला मोह पडला. पण त्याने ही गोष्ट वॉर्सातील आपले जुने शिक्षक एल्सनर आणि घरची माणसे यांना पत्राने कळविली. एल्सनरने प्रतिकूल मत दिले. शोपँने विचार करून नकार दिला. आणि पुढे आपला ई मायनर कॉन्चेर्टो त्याच कॅल्कब्रेनरला अर्पण केला. जुन्या शिक्षकास विचारले म्हणून त्याचा मान राहिला, आणि नव्याला नाकारूनही त्याचाही मान राहिला. एका पत्राने हे साधले. आमच्या भाचीच्या यजमानांस दोन ओळींच्या निरोपापेक्षा थोडा मोठा मजकूर लिहिणे एवढे जड का वाटावे?

शिक्षकांसही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. विद्यार्थी सोडून जाणार असे कळताच जे शिक्षक डोळ्यांत पाणी आणून सहा वर्षांच्या मायेचा हिशेब मांडतात, ते मायेचीच फी मागत असतात. तेरा वर्षांच्या मुलीच्या मनावर हे ओझे घालणे निर्दयपणाचे आहे. आणि जो नवा शिक्षक पहिल्याच दिवशी मुलीचा हात पाहून कपाळास आठ्या घालतो, ‘हे सगळे पुसून पहिल्यापासून शिकावे लागेल’ म्हणतो, तो तर आमच्या मते सर्वांत अधिक दोषी. पुसावयाचे असेल ते त्याने अवश्य पुसावे. पण ज्या बाईंनी सात वर्षांच्या मुलीस त्या वाद्यासमोर बसते केले, आणि सहा वर्षे बसते ठेविले, त्यांनीच याच्या दारी विद्यार्थिनी आणून सोडली, याचे त्याने स्मरण ठेवावे. चांगला शिक्षक शिष्याच्या दुसऱ्या गुरूस भीत नाही. गिरगावातील प्राध्यापक बा. र. देवधर हे स्वतः विष्णू दिगंबरांचे शिष्य. तरी त्यांनी अनेक घराण्यांच्या गवयांपाशी बसून चिजा मिळविल्या, पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला. आणि त्यांचे शिष्य कुमार गंधर्व अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही शिकले. तेवढ्याने देवधरांचे शिष्यत्व कुमारांच्या नावावरून पुसले गेले नाही.

भाचीस आम्ही काय सांगितले, ते आता लिहितो. शिक्षक बदलावा, मनगटाचे दुखणे वाट पाहत नाही. परंतु नव्या शिक्षकाकडे पहिला धडा घेण्यापूर्वी आईवडिलांनी मुलीस घेऊन बाईंच्या घरी जावे. अभ्यासाचे खोटे कारण सांगू नये. हाताचे खरे कारण सांगावे. चालू महिन्याची आणि त्यापुढील एका महिन्याची फी द्यावी, कारण एक विद्यार्थिनी गेली म्हणजे त्या वृद्ध बाईंच्या मिळकतीत खाच पडते, आणि ती भरून काढण्यास त्यांना अवधी हवा. बोलणे मुलीने स्वतः करावे. तिला कठीण जाईल. पण स्वरांइतकेच हेही शिक्षण आहे, आणि ते देण्यास तिला याहून चांगला प्रसंग मिळणार नाही. बाई रागावतील, कदाचित अबोलाही धरतील. तो त्यांचा हक्क आहे. खोट्या निरोपाने तो हक्कही आपण त्यांच्यापासून हिरावून घेतला असता.

‘आणि बाबांना काय सांगू?’ असे भाचीने विचारले. तिच्या सासऱ्यांस आम्ही हा लेखच वाचावयास पाठविणार आहोत. गुरुद्रोहाची त्यांना खरोखरच चाड असेल, तर त्यांनी आषाढी पौर्णिमेपर्यंत थांबावे. त्या दिवशी नात ताठ मानेने जुन्या बाईंच्या दारात फूल घेऊन उभी राहू शकली, तर द्रोह झाला नाही असे समजावे. बाईंची गल्ली टाळून तिला दुसऱ्या वाटेने जावे लागले, तर झाला. आणि तो तिने केला नसून घरातील वडील माणसांनी तिच्याकडून करविला, हेही त्यांनी समजून घ्यावे.